लेबल 40 हजार एकरकमी देतंय, कोळीगीताचे सगळे हक्क लिहून द्यावेत का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण 2016 ला मी बरोब्बर ह्याच जागी होतो. तुम्ही लिहिलंय की शब्द आणि चाल तुमची, अरेंज, म्हणजे कुठे कोणतं वाद्य वाजेल ते बसवणं, मित्राने केलं, गायली चुलत बहीण, स्टुडिओचं बिल पण तुम्हीच भरलं, आणि आता लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, म्हणतेय 40 हजार घ्या आणि ऑल राइट्स लिहून द्या. माझं सरळ मत, ह्या कागदावर सही करू नका, पण कंपनीला नाही पण म्हणू नका. रेकॉर्डिंग द्या, तेही ठरावीक वर्षांसाठी. शब्द आणि चाल देऊ नका.

हे दोन वेगळं का म्हणतोय, तर कायद्याने पण ते वेगळंच आहे. शब्द आणि चाल ही एक मालमत्ता, आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात, ती दुसरी. उद्या एखाद्या सिरियलवाल्याने तुमचं गाणं दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतलं तर तुमचं मास्टर कुठेच वापरलं गेलं नाही, पण शब्द-चाल वापरली गेली ना, मग त्याचे पैसे शब्द-चालीच्या मालकाला जाणार. मास्टर विकायचं, पसरवायचं काम लेबलचं, आणि शब्द-चालीचं लायसन्स देऊन पैसे गोळा करायचं काम पब्लिशरचं. आपल्याकडे बऱ्याचदा एकच कंपनी दोन्ही असते, त्यामुळे एकाच कागदात दोन्ही निघून जातं आणि आपल्याला पत्ता पण लागत नाही. आणि ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवून घेतलं तो मास्टरचा पहिला मालक, म्हणजे आज दोन्ही तुमच्याच हातात आहे.

माझं काय झालं ते सांगतो. घणसोलीत आमच्या घरी आई लग्नात धवले म्हणायची, ते ऐकतच वाढलो, तर त्याच वळणाचे पण पूर्ण स्वतःचे शब्द लिहून मी एक हळदीचं गाणं केलं. वाशीला एका स्टुडिओत 100 च्या स्टॅम्प पेपरवर सही केली, तीन पानं, सगळं इंग्रजीत, 15 हजारांचा चेक. दुसऱ्या पानावर पर्पेच्युइटी हा शब्द होता, मला वाटलं काहीतरी वकिली भाषा असेल, त्याचा अर्थ कायमचं. गाणं रिलीज झालं आणि खाली लिहून आलं, गीत पारंपरिक. पैशापेक्षा ते जास्त लागलं, खरंच. आईने विचारलं तुझं नाव कुठाय, मी काय सांगणार. आणि नुसत्या मानाचा प्रश्न नव्हता तो, गीत पारंपरिक लिहिलं की गीतकाराचा वाटा मागणारा माणूसच कागदावर उरत नाही. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे आणि तो बाकीचे हक्क विकले तरी आपल्याकडेच राहतो, हे मला नंतर ठाण्याच्या एका वकिलाने सांगितलं. माझ्याकडे शब्दांची वही होती, मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तारखेसकट कच्चं रेकॉर्डिंग होतं, त्याच्या जोरावर नोटीस पाठवली आणि वर्षभराने नाव लागलं. म्हणून तुमचे सगळे कच्चे ऑडिओ आजच ईमेल करून ठेवा, मोबाईल बदलला की जातात.

आता रॉयल्टीचं, म्हणजे गाणं जिथे वापरलं जाईल तिथून मिळणाऱ्या पैशातल्या वाट्याचं. 2012 ला कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी तो विषय लावून धरला होता. त्याच्या आधी गीतकार-संगीतकाराकडून एकदा लिहून घेतलं की विषय संपला. आता कलम 18 प्रमाणे तुम्ही हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीचा तुमचा वाटा लिहून देताच येत नाही, तो मालक कंपनीबरोबर समान वाटून मिळायला हवा आणि त्याच्या विरुद्ध कागदात काही असेल तर ते रद्दबातल. तो फक्त तुमच्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने हे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, 1969 ची आहे, गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर तिघंही तिचे मेंबर. साधारण निम्मा पब्लिशरला, पाव गीतकाराला, पाव संगीतकाराला अशी वाटणी असते, आणि तुम्ही दोन्ही असाल तर दोन्ही पाव तुमचे. पण हे आपोआप खात्यात येत नाही हो, मेंबर व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. मी 2019 ला झालो, तोपर्यंतची तीन वर्षं माझ्या नावावर काहीच नोंद नव्हती. बहिणीला सांगा की गायक-वादकांसाठी इसाम्रा नावाची वेगळी सोसायटी आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका, मला पण होता. घणसोली ते कोपरखैरणे प्रत्येक हळदीत माझं गाणं डीजेवर वाजायचं आणि मला वाटायचं ह्याचे सगळे पैसे कंपनी घेतेय. तसं नाहीये. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कलम 52 मध्ये सूट आहे, तिथे वाजलेल्याचे पैसे कोणालाच जात नाहीत. पैसे येतात यूट्यूब, स्ट्रीमिंग ॲप, रील्स, टीव्ही, रेडिओ, हॉटेल, आणि एखाद्या पिक्चरवाल्याने गाणं घेतलं तर एकदम मोठी रक्कम. हळदी त्या गाण्याची जाहिरात करतात, त्यातून रील्स होतात, आणि म्हणूनच कंपनी तुमच्याकडे आलीय.

कंपन्या वाईटच असतात असं मी म्हणत नाही. त्यांचं चॅनल मोठं असतं, व्हिडिओला पैसे घालतात, दुसऱ्याने तुमचं गाणं उचलून टाकलं तर क्लेम करतात, हे एकट्याने जमत नाही. फक्त 40 हजार एकरकमी आहेत की ॲडव्हान्स ते नीट विचारा. ॲडव्हान्स म्हणजे पुढे मास्टरच्या रॉयल्टीतून आधी ते वळते करून घेणार, आणि बऱ्याच कागदांत व्हिडिओचा खर्च पण त्यातच धरतात. समजा व्हिडिओला 2 लाख दाखवले तर 2 लाख 40 हजार फिटेपर्यंत तुमच्या हातात शून्य. तो खर्च कोणाच्या वाट्यातून जाणार ते लिहून घ्या. पुढची तीन गाणी पण आम्हालाच असं कलम असेल तर ते काढायलाच लावा.

अरेंजर मित्राचं आत्ताच ठरवा, गाणं चाललं की मग भांडणं होतात. चालीत त्याचा वाटा आहे की तो फक्त फी घेणार, किती टक्के, एका कागदावर तिघांच्या सह्या. बेंजो, ढोलकीवाल्यांना दिलेल्या पैशाची पावती पण हवी.

कागदात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे त्यांच्या ड्राफ्टमध्ये पर्पेच्युअल असेल तर 5 वर्षं करा म्हणून सांगा, शब्द-चालीची ओळ खोडायला लावा, आणि सही करायच्या आधी आयपीआरएसचा फॉर्म भरून टाका. ते 5 वर्षांना तयार झाले का ते नक्की कळवा.