गुलाबजाम टार्टमध्ये बसत नाही, बासुंदी मात्र पफमध्ये बसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रेंच पेस्ट्री आणि आपल्या मिठाईची चव एकत्र आणून घरी काहीतरी करायचंय. गुलाबजाम घालून टार्ट केलं, पण तीन तासांत तळ लिबलिबीत झाला आणि सगळं मिट्ट गोड लागलं. चुकलं काय आणि त्याऐवजी काय करावं?

तुमचा हात चुकला नाही, जोडी चुकली. फ्रेंच पेस्ट्रीची सगळी मजा कोरडेपणात आहे: कुरकुरीत कवच, खुसखुशीत थर. आपली बरीचशी मिठाई पाकात, दुधात नाहीतर रसात डुंबलेली. गुलाबजाम कितीही निथळला तरी आतून पाक सोडतच राहतो, आणि टार्टचं कवच टीपकागदासारखं तो पिऊन घेतं. गोडाचं म्हणाल तर टार्टच्या पिठात साखर, कस्टर्डात साखर, वर साखरेत मुरलेला गोळा. तिघेही एकाच सुरात गायले तर कान किटणारच.

मी स्वतः हीच चूक श्रीखंडाने केली होती. सकाळी एक्लेअरमध्ये (म्हणजे लांबट, आतून पोकळ फ्रेंच पेस्ट्रीत) घट्ट श्रीखंड भरलं, म्हटलं चक्का आहे, त्याला कुठून पाणी सुटणार? पण चक्क्यात साखर घातली की ती त्यातलंच पाणी ओढून बाहेर काढते. चक्क्यात साखर मिसळली की तो सैल होतो, तो याचमुळे. संध्याकाळी पाहुण्यांसमोर जे ठेवलं ते एक्लेअर कमी आणि दह्यात बुडवलेला पाव जास्त होतं. तेव्हापासून एक नियम पाळते: आपली मिठाई उचलून फ्रेंच कवचात कोंबायची नाही. त्या पेस्ट्रीतला एखादा घटक आपल्या स्वयंपाकघरात आधीच कोणत्या रूपात आहे ते शोधायचं आणि तेवढाच बदलायचा.

या हिशेबाने मला सगळ्यात जमलेला पदार्थ म्हणजे बासुंदीचं क्रीम भरलेले पफ (बेकरीतले पदरांचे नव्हेत, आतून पोकळ गोल), वर गुळाची कुरकुरीत टोपी. (याच्या पिठाला फ्रेंचमध्ये ‘पात आ शू’ म्हणतात. ‘शू’ म्हणजे कोबी, कारण फुगलेला गोळा छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखा दिसतो. मराठी घरात हा शब्द मोठ्याने उच्चारलात तर पोरं खिदळतात, म्हणून मी आपली पफच म्हणते.)

बासुंदीच का? तर पेस्ट्री क्रीम म्हणजे शेवटी दूध, अंड्याचा बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर. त्यातलं दूध आधीच आटवून घेतलं की खव्याकडे झुकणारी ती खमंग चव आपोआप येते, आणि पाणी वाढण्याऐवजी कमी होतं. 500 मि.ली. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर 300 मि.ली. होईपर्यंत आटवा. कडेची साय खरवडून परत दुधात ढकलत राहा, नाहीतर खाली लागेल, आणि लागलेल्या दुधाचा वास काहीही केलं तरी लपत नाही. आटवताना साखर घालू नका. एवढ्या दुधात मूळचीच सुमारे 24 ग्रॅम दुग्धशर्करा असते आणि आटवल्यावर ती तेवढीच राहते. ती उसाच्या साखरेइतकी गोड नसली तरी जिभेला कळते.

केशराच्या 15-20 काड्या दोन चमचे कोमट दुधात वीस मिनिटं भिजवा. एका भांड्यात 3 बलक, 35 ग्रॅम साखर आणि 22 ग्रॅम कॉर्नफ्लोअर फेटा. त्यावर कढत बासुंदी आधी थोडी-थोडी आणि मग सगळी ओता, ढवळणं थांबवू नका. मिश्रण परत गॅसवर ठेवा आणि बुडबुडे यायला लागल्यावरही पूर्ण एक मिनिट शिजवा. घट्ट झालं म्हणून आधीच उतरवायचा मोह होतो. पण बलकात एक विकर असतं, ते कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च तोडतं. नीट उकळलं नाही तर ते जिवंत राहतं आणि रात्री घट्ट असलेलं क्रीम सकाळी सरसरीत होऊन बसतं. उतरवल्यावर 20 ग्रॅम लोणी, केशर, पाव चमचा वेलची पूड आणि चिमूटभर मीठ घाला. वेलची शेवटीच, कारण तिचा सुगंध उष्णतेने उडून जातो. सायीच्या गाठी गाळायच्या का? फ्रेंच पद्धतीने गाळायला हव्यात, मी गाळत नाही. बासुंदीत सायीची लड दाताखाली आली नाही तर ती बासुंदी कसली? मात्र पायपिंग बॅगची नळी मोठ्या तोंडाची घ्या. क्रीमच्या पृष्ठभागाला चिकटेल असं प्लास्टिक लावून चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

आता टोपी. 40 ग्रॅम मऊ लोणी, 40 ग्रॅम गूळ पावडर आणि 45 ग्रॅम मैदा एकत्र मळा, दोन बटर पेपरच्या मध्ये 2 मि.मी. जाड लाटा आणि फ्रीजरमध्ये टाका. फ्रेंच लोक यात ब्राउन शुगर घालतात, तिच्या जागी गूळ बसतो. ही चकती फक्त चवीसाठी नसते. ती वितळत खाली पसरते आणि पफला वाकडातिकडा न फुटता गोल फुगू देते. गूळ साखरेपेक्षा लवकर काळा पडतो, एवढं ध्यानात ठेवा.

पिठासाठी 125 मि.ली. पाणी, 55 ग्रॅम लोणी आणि चिमूट मीठ एकत्र उकळा, 70 ग्रॅम मैदा एकदम ओता आणि लाकडी चमच्याने घोटा. गोळा झाला तरी आणखी दोन-तीन मिनिटं मंद आचेवर फिरवत राहा, स्टीलच्या पातेल्याच्या तळाला पातळ पापुद्रा धरेपर्यंत. नॉनस्टिकमध्ये हा पापुद्रा दिसत नाही, म्हणून तिथे फसायला होतं. ही पायरी म्हणजे जवळजवळ उकडच काढणं. मोदकाची उकड काढता येत असेल तर हात आधीच तयार आहे. गोळा बोटाला सोसेल इतका निवू द्या, नाहीतर अंडं घालताक्षणी शिजेल. मग 2 फेटलेली अंडी थोडी-थोडी मिसळा. शेवटचे दोन चमचे हातात राखून ठेवा. चमचा उचलल्यावर पिठाची त्रिकोणी जीभ लोंबली आणि पटकन तुटली नाही की थांबा, मग अंडं उरलं तरी चालेल. पीठ पातळ झालं तर परतीचा रस्ता नाही.

साडेतीन-चार सेंटिमीटरचे गोळे ट्रेवर पाडा, प्रत्येकावर तेवढ्याच आकाराची गुळाची चकती ठेवा आणि आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं भाजा. बेकिंग पावडर नसते, पफ निव्वळ आतल्या वाफेवर फुगतात. म्हणून पहिली 25 मिनिटं दार उघडायचं नाही. उघडलं तर भिंती कडक होण्याआधीच वाफ निघून जाते आणि पफ मान टाकतात. शेवटी प्रत्येकाला खालून सुरीने भोक पाडा, ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवा आणि दहा मिनिटं आतच वाळू द्या. खालच्या त्याच भोकातून क्रीम भरा, आणि भरायचं ते खाण्याच्या आधी तासाभरात. रिकामे पफ फ्रीजरमध्ये आठवडाभर मजेत राहतात. 160 अंशांवर पाच-सात मिनिटं तापवले की पुन्हा कुरकुरीत होतात. फार आधी भरणं भागच असेल तर आतून वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात फिरवा, पण मग साखर आणखी कमी करा.

वर काय? भाजलेली चारोळी. एवढंच. केशर, पिस्ता, गुलाबपाकळ्या, वर्ख आणि वेलची सगळं एकाच घासात कोंबलं म्हणजे पदार्थ भारतीय होतो, ही समजूत मला पटत नाही. त्यातला एकच सूर वर असावा.

लोण्याऐवजी तूप चालेल का, हे पुढे विचारालच. पफमध्ये चालतं, पण हिशेबाने. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं, तुपात जवळपास नसतंच. म्हणून 55 ग्रॅम लोण्याच्या जागी 45 ग्रॅम तूप आणि 9-10 मि.ली. जास्तीचं पाणी घ्या. पदर असलेल्या पफ पेस्ट्रीत मात्र तुपाच्या वाटेला जाऊ नका. तिथे सहा घड्यांत लोण्याचे 729 थर होतात आणि त्या लोण्यातलंच पाणी वाफ होऊन ते थर उचलतं. तुपात उचलायला काही नसतं, शिवाय ते लाटताना रवाळ होऊन कणकेतून फुटतं. तुपाचं खरं घर टार्टमध्ये आहे. नानकटाईचं पीठ म्हणजे फ्रेंच साब्ले पिठाची सख्खी चुलत बहीण. तेच टार्टच्या साच्यात दाबून आधी कोरडं भाजून घ्या, गरम असतानाच आतून फेटलेल्या अंड्याचा हात फिरवून आणखी दोन मिनिटं भाजा. तळ बराच वेळ ओला होत नाही.

अंड्याशिवाय हवं असेल तर पफचा नाद सोडा. मी तीन-चार प्रकारे करून पाहिलं, दर वेळी घट्ट पुऱ्याच झाल्या. या नानकटाईच्या कवचात बलक वगळून, 35 ग्रॅम कॉर्नफ्लोअरवर घट्ट केलेली बासुंदी भरा. त्यात कुठेही तडजोड केल्यासारखं वाटत नाही. अर्थात मग ते अंड्याचा हात फिरवणंही नको, त्याजागी व्हाइट चॉकलेट.

आणि उरलेले गुलाबजाम असतील तर तळव्यात हलकेच दाबून पाक काढा, चार फोडी करा आणि याच टार्टवर वाढतेवेळी ठेवा. एका माणसाला एक फोड पुरते.