ग्लुकोज मोडण्याची आणि घडवण्याची वाट एकच का?

प्रश्न : पेशी ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा मिळवतात आणि पोट रिकामे असताना यकृत नवे ग्लुकोज तयार करते, असे वाचनात आले. ही दुसरी क्रिया म्हणजे पहिलीच उलट दिशेने चालते का? तसे असल्यास, मोडलेले पुन्हा घडवण्यात ऊर्जा वाया जात नाही का?

उत्तर : बरीचशी वाट एकच आहे, परंतु संपूर्ण नाही. विघटनात, म्हणजे ग्लायकोलिसिसमध्ये, सहा कार्बन अणूंच्या ग्लुकोजपासून दहा टप्प्यांनी तीन-तीन कार्बन अणूंचे पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि निव्वळ दोन एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन असलेले रेणू) हाती लागतात. यांतील सात टप्पे दोन्ही दिशांनी चालतात. पहिला, तिसरा व दहावा हे मात्र इतकी ऊर्जा सोडून देतात की पेशीतील परिस्थितीत ते मागे फिरत नाहीत. तेथे यकृत वेगळी विकरे (एन्झाइम) वापरून वळसा घेते. दहाव्या टप्प्याचा वळसा सर्वांत खर्चिक आहे, कारण पायरुवेटला आधी मायटोकाँड्रियात (पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांत) एक कार्बन जोडावा लागतो आणि पुढच्याच पायरीवर तो काढून टाकावा लागतो. एकूण खर्च, एका ग्लुकोजमागे चार एटीपी व त्यांच्याच तोडीचे ऊर्जावाहक रेणू असलेले दोन जीटीपी.

म्हणजे दोन मिळवून सहा घालवायचे! एकाच पेशीत दोन्ही क्रिया एकाच वेळी जोरात चालल्या, तर तो निव्वळ तोटाच ठरेल. म्हणून इन्सुलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके यकृतात एकीला चालना देताना दुसरीला आवर घालतात. अवयव वेगवेगळे असले की हिशेब बदलतो. तांबड्या रक्तपेशींना मायटोकाँड्रिया नसल्याने त्या ग्लुकोज मोडून लॅक्टेटवरच (पायरुवेटपासून बनणाऱ्या संयुगावरच) थांबतात. ते लॅक्टेट रक्तावाटे यकृतात येते आणि ग्लुकोज होऊन परत जाते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याच्या नावाने ओळखले जाते. ग्लायकोजेनवरील (शरीरात ग्लुकोज ज्या रूपात साठवले जाते त्यावरील) संशोधनासाठी त्यांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा खर्च यकृत मुख्यतः मेदाम्ले जाळून भागवते. मेदाम्लांपासून थेट ग्लुकोज मात्र बनवता येत नाही, कारण त्यांचे बहुतेक कार्बन ॲसिटिल-कोए या दोन कार्बनी गटाच्या रूपात बाहेर पडतात आणि तेथून पायरुवेटकडे परतीची वाट नाही; मेदातील ग्लिसरॉलचा तेवढा उपयोग होतो. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, तर यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण १०० ग्रॅम असतो व तो दिवसभराच्या उपवासात जवळजवळ संपतो. स्नायूंतील साठा याहून कितीतरी मोठा असला, तरी ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी लागणारे शेवटचे विकर स्नायूंजवळ नसल्याने तो त्यांच्या स्वतःच्याच कामी येतो.