बॉक्स्टरचं कूलंट घरी बदलताना

प्रश्न : मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. जुनी पोर्शे बॉक्स्टर (987 मॉडेल) घेतली आहे. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कधी बदललं याची नोंद नाही, रंग मळकट दिसतो. यवतेश्वरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर जातो. घरीच कूलंट काढून, बोअरच्या पाण्याने सिस्टीम धुऊन नवीन भरलं तर चालेल का? दुकानदार म्हणतो, रंग जुळला की कुठलंही कूलंट चालतं.

उत्तर : घरी जरूर करा. बोअरचं पाणी मात्र नको, आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते. खरा फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांत. तुमचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. दोन वेगळ्या जातींची कूलंटं एकत्र केली तर हे संरक्षण जातं, कधी कधी आत चिकट गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये जी जात सांगितली आहे तीच घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, म्हणून धुवायलाही डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

पण काटा चढण्याचा दोष लगेच कूलंटला देऊ नका. बॉक्स्टरचं इंजिन सीटांच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. बंपरच्या तोंडातून कचरा आत जातो आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत अडकतो. गळीत हंगामात आपण उसाच्या ट्रॉल्यांमागून जातो, उडालेलं पाचट तिथेच जाऊन बसतं. अशा एका गाडीचा बंपर मी उतरवला होता. पाचट, वाळका पाला आणि धूळ दबून नमद्यासारखा थर झाला होता, वारा जायला जागाच नव्हती. तो आधी साफ करा, हलक्या हाताने. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या पात्या आडव्या होतात.

आता कूलंट काढणं. इंजिन पूर्ण गार हवं, गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. गाडी सपाट जागेवर चार स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. ड्रेन प्लग उघडला तरी सगळं येत नाही. पुढून मागे जाणाऱ्या लांब पाइपांत आणि हीटरमध्ये बरंच राहतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, गाडी गरम करायची, गार होऊ द्यायची, परत काढायचं. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. समजा सिस्टीम 20 लिटरची आहे आणि शेवटच्या वेळी 12 लिटर बाहेर आलं. म्हणजे आत 8 लिटर साधं पाणी आहे. त्यावर तुम्ही निम्मं पाणी मिसळलेलं तयार कूलंट ओतलंत, तर आतलं कूलंटचं प्रमाण 30 टक्क्यांवरच राहतं. त्याऐवजी 10 लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओता, मग 2 लिटर डिस्टिल्ड वॉटर. बरोबर निम्मं होतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि बाहेर आलेलं प्रत्येक वेळी मोजा. निम्मं मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. घाटात हाच फरक उपयोगी पडतो.

काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते पितात आणि किडनी जाऊन मरतात. गटारात तर ओतायचंच नाही. कॅनमध्ये भरून, जिथे जुनं ऑइल रीतसर गोळा करतात त्या गॅरेजला द्या.

सगळ्यात जास्त वेळ हवा काढायला द्या. आत हवा अडकली आणि सेन्सरभोवती नुसती वाफ राहिली, तर काटा मध्यावर दिसत असतानाही इंजिनचं हेड (वरचा भाग) तापत असतं. मागच्या डिकीत, टाकीच्या झाकणाजवळ, तारेची क्लिप असलेला, हवा बाहेर सोडणारा ब्लीड व्हॉल्व्ह आहे. ती क्लिप वर करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन चालू करून पातळी उतरेल तसं भरत जा. पातळी थांबली की झाकण लावून थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडेपर्यंत गाडी गरम करा, मग पूर्ण गार होऊ द्या, परत भरा. पातळी टिकली की क्लिप खाली. ओळखीच्या गॅरेजात कॉम्प्रेसरवर चालणारं, आतली हवा ओढून कूलंट भरणारं व्हॅक्यूम फिलर असेल तर भरण्यापुरतं ते मागून आणाच, निम्मा त्रास वाचतो.

पहिल्यांदा घाट नको, शहरातच फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पातळी बघा आणि डिकीतलं कार्पेट हाताने चाचपा. जुन्या बॉक्स्टरच्या प्लास्टिकच्या टाकीला बारीक तडा गेला असेल तर ओल आधी तिथेच लागते. तसं असेल तर टाकी बदला, नाहीतर नवीन कूलंटही जाईल.