बाहेरून सर्व्हर उघडत नाही? आधी राउटरचा वॅन आयपी बघा

"जेलीफिन घरात टीव्हीवर मस्त चालतं, राउटरमध्ये ८०९६ पोर्टही उघडला, पण पुण्यात बहिणीच्या मोबाइलवर कनेक्ट होत नाही." तुमचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. (जेलीफिन म्हणजे घरच्या संगणकावरचे व्हिडिओ इतर उपकरणांवर दाखवणारा सर्व्हर; पोर्ट म्हणजे त्याच्यापर्यंत पोचायचं क्रमांकाचं दार.) सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, बिघाड तिथं नाही.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनी एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता) अनेक घरांत वाटते. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा.

आमच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात (नाव लिहीत नाही) हे कुणी सांगितलंच नाही. आधी "रीसेट करा", मग "राउटर बदला". राउटरचे पैसे वाया गेले, याचा राग अजून आहे. तुम्ही तिथं गेलात तर एवढंच विचारा: पब्लिक आयपी मिळतो का, आणि महिन्याला किती?

माझ्या मते तोही घेऊ नका. घरचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवणं धोक्याचं. टेलस्केल (तुमच्याच उपकरणांना इंटरनेटवरून खासगीपणे जोडणारं ॲप) सर्व्हरवर आणि बहिणीच्या मोबाइलवर टाका, दोन्हीकडे एकच खातं. घरगुती वापराला फुकट आहे. मग जेलीफिनच्या ॲपमध्ये सर्व्हरचा टेलस्केल आयपी आणि पुढं :८०९६ लिहायचं. पोर्टचा तो जुना नियम राउटरमधून काढून टाका. थेट जोडणी जमली नाही तर टेलस्केल मधल्या रिलेवरून, म्हणजे वाटेतल्या दुसऱ्या सर्व्हरवरून, जातं आणि व्हिडिओ अडखळतो. तेव्हा जेलीफिनच्या ॲपमध्ये क्वालिटी ३ एमबीपीएसवर आणा.

सर्व्हरला तुमचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर पुरेसा आहे. फक्त दहा-बिट एचईव्हीसी (व्हिडिओचा एक नवा प्रकार) त्याला हार्डवेअरवर झेपत नाही, त्याला सातवी पिढी लागते. लग्नाच्या डीव्हीडीच्या व्हीओबी फायली तशाच ठेवू नका. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर) त्या बदलून घ्या: प्रकार एच.२६४, आरएफ (क्वालिटीचा आकडा) २०, आणि डीइंटरलेस चालू. नाहीतर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात.

वळवाच्या पावसात लाइट जाते-येते, म्हणून सर्व्हरच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग लावा. एफस्टॅबमध्ये (लिनक्समधली, सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूएसबी डिस्क यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकानं, लिहा आणि 'नोफेल' (nofail) जोडा. ते नसेल आणि डिस्कची केबल सैल झाली, तर मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि घरी आईबाबांना ते सोडवता येणार नाही.

आणखी एक, विषय थोडा सोडून. तुम्ही कुंभार गल्लीकडचे म्हणता. २०१९ चा पूर आठवा. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर माळ्यावर न्या, आणि लग्नाच्या व्हिडिओंची प्रत असलेली दुसरी डिस्क बहिणीकडं पुण्यात ठेवा.