हेडफोन न लावता ट्यूब ॲम्प चालू ठेवला तर?

प्रश्न : सर नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो. दिवाळीत ट्यूबचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) हेडफोन ॲम्प घेतला, सेकंड हँड पण चांगल्यातला आहे, त्यावर ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६५० ऐकतो. दुकानातनं घरी आलं की आधी ॲम्प चालू करतो आणि जेवणखाण होईपर्यंत तो गरम होत राहतो, तोवर हेडफोन लावलेला नसतो. आता एक मित्र म्हणतोय की ट्यूब ॲम्प लोडशिवाय, म्हणजे हेडफोन किंवा स्पीकर न जोडता, चालू करायचाच नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. तेव्हापासून धास्तीच बसलीय. खरं काय आहे? आणि आमच्याकडे मधेच लाईट जाते येते, त्याचं काय करायचं तेही सांगा.

उत्तर : जेवून घ्या निवांत, गाणं चालू नसताना ॲम्प हेडफोनशिवाय गरम होत राहिला तर त्याला काही होत नाही. मित्र सांगतोय ते स्पीकरच्या ट्यूब ॲम्पसाठी खरंय, फक्त ते जसंच्या तसं हेडफोन ॲम्पला लावलं की अशी भीती बसते.

आधी आपला ॲम्प कुठल्या जातीचा ते बघा, बाहेरनंच बघायचं, खोलायचा नाही, आत काही शे व्होल्ट डीसी असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ टिकून राहतं. वर एकच मोठा ट्रान्सफॉर्मर दिसतोय आणि ६०८० किंवा ६एएस७ अशी जाडजूड ट्यूब आहे, तर तो बहुतेक ओटीएल, म्हणजे ट्यूब आणि हेडफोन यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. एचडी ६५० सारख्या ३०० ओहमवाल्यांची जोडी जास्त करून ह्याच्याशीच जमते. ह्याच्यात जळायला आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नाही! ट्यूबमधनं जो करंट वाहायचा तो हेडफोन असो नसो तेवढाच वाहतो, आउटपुटला फक्त एक मोठा कपॅसिटर असतो तो डीसी अडवतो आणि गाणं तेवढं पुढे सोडतो. उलट ह्या ॲम्पला हेडफोन नंतर लावलेलाच बरा, कारण चालू करताना तो कपॅसिटर चार्ज होत असतो आणि तो धक्का हेडफोनच्या कॉइलला बसतो, 'धप्प' आवाज येतो तो हाच. म्हणून चालू करताना आधी ॲम्प आणि गरम झाल्यावर हेडफोन, बंद करताना आधी हेडफोन काढायचा मग स्विच. तुमची सवय बरोबरच आहे.

सेकंड हँड घेतलाय म्हणून एक चाचणी मात्र कराच. पाव इंची एक सुटी पिन घ्या, तिला वायरी जोडा, ॲम्प चांगला गरम झाला की व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ती पिन लावा आणि मल्टीमीटर डीसीवर ठेवून टोक आणि मागचा दांडा यांच्यात मोजा, मग मधली रिंग आणि दांडा. दोन्हीकडे मिलिव्होल्टमध्ये आकडा आला तर छान. व्होल्टमध्ये आला आणि उतरतच नसेल तर कपॅसिटर लीक आहे किंवा आउटपुटचा चार्ज जमिनीला सोडणारा रेझिस्टर उडालाय, तो दुरुस्त होईपर्यंत हेडफोन लावू नका. एवढा महागाचा हेडफोन, पाच मिनिटं मोजण्यात घालवलेली परवडतात.

आता एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरसोबत दोन छोटे, अगदी एकसारखे ट्रान्सफॉर्मर दिसत असतील तर तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला. इथे मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. ट्रान्सफॉर्मरला एका बाजूला जो लोड लावाल तो दुसऱ्या बाजूला ट्यूबला कितीतरी पटीने मोठा होऊन दिसतो. समजा ट्रान्सफॉर्मर ट्यूबच्या बाजूला ३५०० आणि हेडफोनच्या बाजूला ३२ ओहमचा आहे आणि त्या ३२ च्या जोडणीवर तुम्ही ३०० ओहमचा हेडफोन लावला, तर ट्यूबला जवळपास ३३ हजार ओहम दिसतात, म्हणजे लोड नसल्यातच जमा. लोक असं रोज ऐकतात आणि काही बिघडत नाही, कारण हेडफोन ॲम्पमध्ये बहुतेक ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूब) असतात, त्यांचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्स कमी असतो म्हणून व्होल्टेज आवाक्यात राहतं, वर पॉवरही एखाददुसरा वॅट. बरेच मेकर तर आतच आउटपुटला कायमचा रेझिस्टर लावून ठेवतात. तरीही हेडफोन काढून ठेवलाय आणि डॅकवरनं (डिजिटल गाणं ॲम्पला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणाऱ्या डब्यावरनं) फुल व्हॉल्यूमला गाणं चालूच आहे, असं करू नका. काढायच्या आधी गाणं थांबवा, व्हॉल्यूम शून्य करा. पिन लावतानाही तेच, आत जाताना क्षणभर चॅनेल शॉर्ट होऊ शकतं, आणि ट्यूबच्या मागे ट्रान्झिस्टर असलेल्या हायब्रीड ॲम्पला तर लोड नसण्यापेक्षा ह्या शॉर्टचाच धोका जास्त.

खरी झीज होते ती तासांनी. वर्षाचे तास होतात ८७६०, पॉवर ट्यूबचं आयुष्य साधारण काही हजार तासांचं, म्हणजे २४ तास चालू ठेवलात तर हेडफोन लावलेला असो नसो, ट्यूब संपणारच. गरम व्हायला १५-२० मिनिटं पुरतात. पण अर्ध्या तासासाठी उठलात म्हणून लगेच बंदही करू नका, थंड फिलामेंट चालू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं, सारखं चालू-बंद केलेलं ट्यूबला सोसत नाही.

आणि सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. एका ६०८० चं नुसतं फिलामेंटच १६ वॅटच्या आसपास घेतं, बाकीची उष्णता वेगळी, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ डिग्री. शोकेसमध्ये कोंबून ठेवू नका, वर आणि मागे मोकळी जागा पाहिजेच. धूळ बसते म्हणून आपल्याकडे कशावरही टॉवेल नाहीतर चादर टाकायची सवय असते, ती ॲम्प पूर्ण थंड झाल्यावरच टाका, गरम काचेवर कापड म्हणजे आगीला आमंत्रण.

लाईटचं सोपं आहे. लाईट गेली की लगेच हेडफोन काढा आणि ॲम्पचा स्विच बंद करा. परत आली की जरा थांबा, दोनदा चमकून पुन्हा जाते तेव्हाच जास्त नुकसान होतं. स्थिर झाली की नेहमीसारखं चालू करा. चांगला स्टॅबिलायझर लावा आणि सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नुसती तिसरी पीन दिसली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही.

प्रश्न : माझ्याकडे गिटारचा ट्यूब ॲम्प आहे, ईएल३४ वाला. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकरची वायर काढून, लाइन आउटमधनं हेडफोनवर प्रॅक्टिस केली तर चालेल का? (सात रस्ता, सोलापूर)

उत्तर : नाही, अजिबात नाही. वरचं उत्तर वाचून तुम्हाला हो वाटेल म्हणून मुद्दाम लगेच खाली तुमचं पत्र घेतलं. ईएल३४ ही पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडची ट्यूब आहे, तिचा अंतर्गत रेझिस्टन्स ट्रायोडसारखा कमी नसतो, लोड नसताना तार छेडली की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या गुंडाळीवर) सप्लायच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळतं, आतलं इन्सुलेशन फुटतं नाहीतर ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. एका जोरदार कॉर्डमध्येही ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो नवीन गुंडाळून घ्यायचा म्हणजे महागडं काम. स्पीकर लावलेलाच राहू दे, किंवा ॲम्पच्या वॅटेजला आणि ओहमला जुळणारा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी ॲम्पची पॉवर झेलणारा डबा) घ्या, हेडफोन त्याच्या लाइन आउटवरनं पुढे छोट्या हेडफोन ॲम्पला जोडा. स्टँडबायवर असेल तर स्पीकर नसला तरी चालतं कारण तेव्हा हाय व्होल्टेज बंद असतं, पण स्टँडबायवर प्रॅक्टिस होत नाही.