सही करायच्या आधी मोज

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा तू रडतीयस का हसतीयस तेच कळंना. सरपंच होऊन तीन महिने झाले, खुर्चीत तू बसतीस पण बोलतो दीर, आणि ग्रामसेवक भाऊसाहेब कागद पुढं सरकवून "वहिनी, इथं सही" एवढंच म्हणतात. वर तू म्हणतीस की मला भाषण येत नाही, मी कसलं गाव चालवणार. भाषणाचं सोड गं. साठी उलटली तरी माइक हातात आला की माझा घसा कोरडा पडतो.

मला येतं ते मोजायला, आणि ते काय मी ट्रेनिंगला जाऊन शिकले नाही. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आपला माण तालुका, चांगल्या साली सुद्धा पाऊस बेताचाच, त्या साली तर काहीच नाही. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, धाकट्याला काखेत घेऊन मी तिच्या मागं. तिथं सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची ती आई खायची नाही, पदरात बांधून आमच्यासाठी आणायची, आणि घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी, ती आठवली तरी अजून नको वाटतं. आठवड्यानं पगार. मुकादम मस्टर पुढं करायचा, आई अंगठा द्यायची, पैसे घ्यायची आणि वाटेत म्हणायची, कमीच आल्यासारखं वाटतंय गं. नुसतं वाटायचं. मी दुसरीत, आकडे येत होते, मग आई कामावर गेली की चुलीमागच्या भिंतीवर मी कोळशानं एक रेघ मारायला लागले. आठवडा संपला तेव्हा भिंतीवर सहा रेघा आणि मस्टरला चार हजेऱ्या! आईला ओढतच नेलं मुकादमाकडं. तो हसला, म्हणाला पोरगी लई शहाणी हाय. बुडालेल्या दोन दिवसांचे पैसे काय दिले नाहीत हां, उगाच गोड करून सांगत नाही, पण पुढच्या आठवड्यापासून सहाच्या सहा हजेऱ्या लागल्या.

मग चौथीनंतर शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न, आमच्या वयाच्या सगळ्यांचं तेच. बचत गट निघाला तेव्हा महिन्याला 20 रुपये भरायचे होते, रजिस्टर लिहायला कोणी तयार होईना म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं, आणि मग बघ, ज्याच्याकडं रजिस्टर त्याच्याच दारात बायका यायला लागतात. 1997 ला म्हसवडला माणदेशी महिला बँक निघाली त्याचं तर आमच्यात किती कौतुक! आधी रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला होता, का तर बँक काढणाऱ्या बायकांत अंगठेवाल्या होत्या. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमची माणसं आधी काढत्यात का आम्ही ते बघा. ते ऐकून मला आमची कोळशाची भिंत आठवली.

2002 ला सरपंचपद बाईला राखीव पडलं आणि मी झाले. आता खरं सांगते, पहिले सहा महिने मी पण तुझ्यासारखीच भाऊसाहेब दाखवतील तिथं सही करत होते. त्यात एका पाइपलाइनचं बिल निघालं आणि पाइप काय आली नाही. ग्रामसभेत एक म्हातारी उभी राहून म्हणाली, सही तुझीच हाय न्हवं? त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. लॉगबुकात दिवसाला दोन खेपा, गावात येते एक. मी काहीच बोलले नाही, विहिरीशेजारच्या घरातल्या सुनेच्या हातात खडू दिला आणि म्हणलं टँकर आला की कट्ट्यावर रेघ मार. नऊ दिवसांनी तो हिशेब कागदावर उतरवून, पंधरा बायका घेऊन दहिवडीला तहसीलमध्ये गेले. दुसरी खेप सुरू झाली. घरावर दगड पण पडले दोन रात्री, आणि आमचे मालक, तुझे काका, आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस आपण होऊन खडूचा डबा घेऊन आले. (आपलं चुकलं असं त्यांनी पुढं कधी कबूल केलं नाही ते सोड.)

तर तू आता दिराशी भांडू नकोस, घरात राहायचंय तुला. नुसतं म्हण, भाऊजी तुम्ही पलीकडं बसा, काय लागलं तर विचारते. चेकवर तुझी आणि भाऊसाहेबांची दोघांची सही लागते, तुझ्याशिवाय रुपया निघत नाही, हे त्यांना पक्कं माहितीये, तुलाच माहिती नव्हतं. कागद घरी आणून वाच, नाही कळला तर फोटो पाठव मला. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही, कितीही घाई सांगू देत. आणि ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची कायद्यातच सोय आहे, ती कागदावर उरकू देऊ नकोस, दुपारच्याला घे, संध्याकाळी धारा नि स्वयंपाक सोडून कोण येतंय. आमच्या वेळी तिसरा हिस्सा जागा बायकांना होत्या, 2011 पासून निम्म्या झाल्यात, म्हणजे तुझ्या पंचायतीत तू एकटी नाहीस, बाकीच्या मेंबर बायकांना चहाला तरी बोलाव.

सोमवारी मासिक सभा आहे म्हणालीस ना, सुरुवातीलाच मागच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, मोठ्यानं वाचायला लाव आणि न झालेलं काही त्यात घुसवलंय का तेवढं ऐक. मग फोन कर, पण सातनंतर, त्याआधी मी म्हशीत असते.

तुझी,
काकू