बाग विकण्याआधी जागा कोणती ते बघा

राजापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. लेकीला कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून पनवेलजवळच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला जागा मिळालीय. दुसरीकडे पुण्याजवळचं एक खासगी अभिमत विद्यापीठ (विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था) वर्षाला ३,२०,००० रुपये फीवर प्रवेश द्यायला तयार आहे. आंबा आणि किराणा दुकान मिळून घरचं वर्षाचं उत्पन्न ४ लाखांच्या आसपास, प्रवर्ग ओबीसी, बँकेत ६ लाखांची एफडी. त्यांचा प्रश्न असा: विद्यापीठाचं नाव मोठं आहे, तर त्यासाठी कलमांची बाग विकावी की कर्ज काढावं?

दादा, कॅपची जागा घ्या. बागेला हात लावू नका.

महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. तिथे पगाराला आणि इमारतीला शासनाचं अनुदान नाही, सगळा खर्च फीतून निघतो. शासनाची मदत येते ती विद्यार्थ्याच्या नावावर, आणि जागा कोणत्या मार्गाने मिळाली यावर ती ठरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के रक्कम शासन भरतं. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्याला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना, हे लागू नाही, खासगी अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही बाग विकायला निघालात, तिथे शासन एक रुपयाही देणार नाही.

आता आकडे मांडू. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात कॅपच्या कॉलेजचं शिक्षण शुल्क १,०५,००० आहे, ते शासनाकडे. विकास शुल्क आणि किरकोळ मिळून २०,००० तुमच्याकडे, हॉस्टेल-मेसचे १,१०,००० तुमच्याकडे. वर्षाला १,३०,०००, चार वर्षांत ५,२०,०००.

अभिमतला नुसती फी १२,८०,०००, राहणं-खाणं वेगळं. एवढं कर्ज १० टक्क्यांनी टप्प्याटप्प्याने उचललं, तर शिक्षण आणि पुढचं एक वर्ष धरून साध्या व्याजाने साडेचार लाखांच्या आसपास व्याज साचतं. पुढे १० वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिना २२,८०० च्या घरात. पहिल्या नोकरीत मुलीने खोलीचं भाडं द्यायचं की हा हप्ता?

बागेबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात, मला तिथेच थांबावंसं वाटलं. सातबाऱ्यावर तुमच्या भावाचं आणि दोन बहिणींचं नाव आहे. चौघांच्या सह्या ऑगस्टच्या आत मिळतील का? घाईत विकणाऱ्याला दलाल भाव पाडून देतो. आणि नवं कलम लावून धरतं व्हायला किती वर्षं जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अवकाळीने एक हंगाम गेला तरी पुढच्या वर्षी बाग असतेच.

पैशाची सोय अशी करा. ६ लाखांची एफडी एकरकमी मोडू नका. बँकेशी बोलून दीड लाख बचत खात्यात घ्या, उरलेल्याच्या वर्षा-वर्षाला पिकणाऱ्या लहान ठेवी करा. आंब्याच्या पेट्या विकून आलेले पैसे मे-जूनमध्ये त्यात परत टाका. शिवाय ४ लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून ठेवा. त्याला तारण लागत नाही आणि उचललं तेवढ्यावरच व्याज बसतं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेची ३ टक्के व्याज सवलत मात्र हिशोबात धरू नका. दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही.

काळजी वाटते ती कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, आणि मुलीच्या स्वतःच्या खात्याला आधार जोडलेलं. यातलं एक जरी अडलं तर महाडीबीटीवरचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज अडतो, आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आधी घेऊ नये असं शासनाने कॉलेजांना बजावलंय. तरीही ‘आता भरा, नंतर परत देऊ’ असं ऐकायला मिळतं. तसं झालं तर तोंडी मान्य करू नका, लेखी मागा. बाजूला काढलेले दीड लाख अशाच वेळेसाठी आहेत.

जात वैधतेचा अर्ज अजून केला नसेल तर पोचपावती आजच मिळवा. फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही.